दुष्काळाचा आकडा सुकाळात ठरवावा लागतो

डिसेंबर 2024 मध्ये रियाधला वाळवंटीकरणविरोधी कराराचे सदस्य देश जमले होते. दुष्काळावर बंधनकारक तरतूद हवी की नको, यावर जवळजवळ दोन आठवडे खल झाला आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. त्यावर आज फार वेळ घालवायला नको. कराराचा कस लागतो तो त्यातल्या आकड्यांवर, म्हणून एक जुना करार जवळून पाहू.

अमेरिका आणि मेक्सिको यांनी 1944 मध्ये एकाच तहात दोन नद्यांचं पाणी वाटलं. कोलोराडोतून मेक्सिकोला दरवर्षी 15 लाख एकर-फूट. उलट रिओ ग्रांदेच्या सहा उपनद्यांतून मेक्सिकोने वर्षाला सरासरी साडेतीन लाख एकर-फूट द्यायचं, हिशेब पाच वर्षांचा. एक एकर-फूट म्हणजे सुमारे 12.3 लाख लिटर. दोन्हीकडे ‘असाधारण दुष्काळा’ची सवलत आहे, पण असाधारण म्हणजे किती, ते तहात कुठेच नाही.

कोलोराडोवर ही फट पुढे बुजवली. 2012 च्या आणि मग 2017 च्या पूरक करारात मीड जलाशयाच्या पातळीला कपात जोडली. पातळी 1,075 फूट किंवा त्याखाली गेली की मेक्सिकोचं पाणी 50 हजार एकर-फुटांनी कमी, 1,050 च्या खाली 70 हजारांनी, 1,025 च्या खाली सव्वा लाखाने. शिवाय टंचाईच्या वेगळ्या आराखड्यानुसार काही पाणी जलाशयात राखायचं. ऑगस्ट 2021 च्या अंदाजात पुढच्या जानेवारीची पातळी 1,075 च्या खाली दिसली, आणि 2022 साठी दोन्ही मिळून 80 हजार एकर-फूट कमी होणार हे चार महिने आधीच कळलं. पेरा किती करायचा हे ठरवायला शेतकऱ्याला तेवढी सवड लागतेच. पातळी चढली तर मेक्सिकोला जादा पाणी, हेही त्याच करारात आहे. दुसऱ्या बाजूने सही होण्यात या कलमाचा वाटा लहान नसावा.

रिओ ग्रांदेवर अशी पायरी नाही. पाच वर्षांचा हिशेब असल्याने तूट शेवटच्या वर्षावर ढकलायची आणि एखाद्या वादळी पावसाची वाट बघायची, असं चालतं. सप्टेंबर 2020 मध्ये मुदत संपत आली तेव्हा मेक्सिकोच्या चिवावा राज्यातल्या शेतकऱ्यांनी, पाणी अमेरिकेला सुटू नये म्हणून, ला बोकिया धरणाचा ताबा घेतला. त्यांच्या दृष्टीने ते पाणी पुढच्या हंगामाचं होतं.

पैशाचंही असंच. सोमालियाबद्दल 2010 च्या उत्तरार्धापासून इशारे येत होते, पण निधीचा ओघ सुरू झाला तो जुलै 2011 मध्ये भूकबळींच्या दुष्काळाची (famine) अधिकृत घोषणा झाल्यावर. त्या संकटात अडीच लाखांहून अधिक माणसं गेली. अंदाज चुकला नव्हता. कोणत्या आकड्याला कोण किती पैसे सोडणार, हे आधी ठरलेलं नव्हतं.

हे ठरवण्यासाठीच आफ्रिकन देशांनी 2012 मध्ये ‘आफ्रिकन रिस्क कपॅसिटी’ उभारली. उपग्रहावरून पाऊस मोजायचा, पिकाची पाण्याची गरज कितपत भागली ते काढायचं आणि ठरलेली मर्यादा ओलांडली की विम्याचे पैसे. आता यातली खोट पाहा. 2015-16 च्या हंगामात मलावीत लाखो लोकांना अन्नमदत लागत होती, आणि मॉडेल म्हणत होतं की भरपाईएवढं नुकसानच नाही. तपासणीत कळलं, गणितात मका लांब मुदतीचा धरला होता, शेतकऱ्यांनी मात्र कमी दिवसांचं वाण पेरलं होतं. तुरा आणि कणसं धरण्याच्या दिवसांत ताण पडला की दाणा भरत नाही, आणि ते दिवस वाणाच्या मुदतीवर ठरतात. मुदत चुकली की मॉडेल भलत्याच आठवड्यांचा पाऊस बघत बसतं.

दुरुस्तीनंतर सुमारे 81 लाख डॉलर मंजूर झाले, पण तोवर पुढचा पेरणीचा हंगाम आला होता. उपग्रहाला वाण दिसत नाही. ते गावोगाव विचारून, दर हंगामाला पेरणी होताच, भरपाईचं गणित करणाऱ्यांच्या टेबलावर पोचवावं लागतं.