दोन सेकंद लवकर

[काळा पडदा. फक्त खरखर.]

ही खरखर ऐका. अजून तरी हिच्यात काही नाही. अँटेना क्षितिजावरच्या एका बिंदूकडे तोंड करून थांबलाय आणि उपग्रह उगवण्याची गणितानं दिलेली वेळ व्हायला क्षणभर अवकाश आहे.

[संगणकाचा पडदा. निळ्या पार्श्वभूमीवर एक फिकट पिवळी रेघ उमटू लागते.]

आला. आणि दोन सेकंद लवकर आला.

दोन सेकंदांचं ते काय, असं कुणालाही वाटेल. पण ५०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त अंतर कापतो. दोन सेकंद म्हणजे १५ किलोमीटर. गणितानं त्याला जिथे धरलं होतं, तिथून तो १५ किलोमीटर पुढे गेलाय. या १५ किलोमीटरचा हिशेब लागेपर्यंत त्याचा माग काढणाऱ्यांना चैन पडत नाही.

[पिवळी रेघ जवळून.]

ही रेघ म्हणजे उपग्रहाच्या सिग्नलची वारंवारता. तिच्याकडे नीट पाहा. ती सरळ नाही. उपग्रह आपल्या दिशेनं येत असतो तेव्हा त्याच्या सिग्नलची वारंवारता चढलेली मिळते, दूर जाताना उतरलेली. हाच डॉपलर परिणाम. ४३७ मेगाहर्ट्झवर बोलणारा उपग्रह उगवताना जवळपास १० किलोहर्ट्झ वर असतो आणि मावळताना साधारण तेवढाच खाली. मधल्या काही क्षणांत रेघ झपकन वळते. वळण जितकं उभं, तितका उपग्रह जवळून गेला. आणि ते नेमकं कधी आलं, यावरूनच त्याच्या वेळेची खरी परीक्षा होते.

[कृष्णधवल छायाचित्रं. स्पुटनिकचं बीप-बीप.]

४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक-१ हा पहिला कृत्रिम उपग्रह कक्षेत गेला. त्यानंतर काही दिवसांतच अमेरिकेत, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अप्लाइड फिजिक्स लॅबोरेटरीत, विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख हे दोन तरुण शास्त्रज्ञ त्याचं बीप-बीप ऐकत बसले होते. स्वर हळूहळू उतरतोय, हे त्यांनी टिपलं. त्या उतरत्या स्वरावरून, आकाशात दुर्बीण न रोखता, त्यांनी उपग्रहाची कक्षा काढली. पुढच्याच वर्षी त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्लूर यांनी प्रश्न उलटा केला: उपग्रह कुठे आहे हे माहीत असेल, तर ऐकणारा कुठे आहे हे कळेल का? त्यातून ट्रान्झिट ही दिशादर्शन यंत्रणा उभी राहिली. पण आपण आपल्या दोन सेकंदांकडे परत येऊ.

[पृथ्वीची कडा. हवेचा पातळ निळा थर.]

उपग्रह लवकर का आला? हवेनं त्याला अडवलं म्हणून.

हे पहिल्यांदा ऐकलं की खटकतं. अडवलं तर उशीर व्हायला हवा. पण कक्षेचं गणित वेगळं आहे. ५०० किलोमीटरवर हवा जवळजवळ नाहीच, तरी जी काही आहे ती उपग्रहाची ऊर्जा खात राहते. ऊर्जा गेली की तो खाली उतरतो. खालची कक्षा लहान, आणि तिथे वेगही जास्त. त्यामुळे हवेचा अडथळा झालेला उपग्रह पुढच्या वेळी लवकर उगवतो. या सगळ्या विषयातली मला सर्वांत देखणी वाटणारी गोष्ट हीच.

आणि ही हवा रोज सारखी नसते. सूर्य चेतला की वातावरणाचा वरचा थर तापतो, फुगतो, उपग्रहाच्या वाटेत दाटतो. स्मिथसोनियन वेधशाळेतल्या लुईजी याकिया यांनी अगदी सुरुवातीच्या उपग्रहांच्या कक्षांमधले असे बारीक फरक तपासले आणि त्यांत त्यांना सूर्याची चाहूल लागली. त्या उंचीवरची हवा मोजायला तेव्हा खास उपकरण नव्हतं. उपग्रहाची चुकलेली वेळ हेच उपकरण होतं.

[रात्र. घुमटातून निघणारा हिरवा लेसर.]

आता माग काढणं फार बारीक झालंय. उपग्रहावरच्या खास आरशांवर लेसरचा स्पंद सोडायचा आणि तो परत यायला लागलेला वेळ मोजायचा. अब्जांश सेकंदाची चूक झाली, तर अंतर १५ सेंटिमीटरनं चुकतं. चांगली केंद्रं त्याहून कितीतरी नेमकं मोजतात.

[गोचे उपग्रहाचं चित्र: लांबट देह, बाजूला पंखांसारखी सौरपटलं.]

युरोपीय अंतराळ संस्थेचा गोचे उपग्रह १७ मार्च २००९ रोजी सुटला. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातले सूक्ष्म चढउतार टिपायचे, म्हणून त्यानं सुमारे २५५ किलोमीटर उंची धरली. तिथली हवा उपग्रहाला टिकू देत नाही. गोचेचं आयन इंजिन तिच्याशी सतत झुंजत होतं: हवा जेवढं मागे ओढेल, तेवढंच ते पुढे ढकलायचं. म्हणजे इंजिनानं किती जोर लावला, याची नोंद हीच हवेच्या घनतेची नोंद. ११ मार्च २०११ रोजी जपानजवळ मोठा भूकंप झाला, त्याच्या ध्वनिलहरी वर चढत गोचेपर्यंत पोहोचल्या आणि त्या नोंदींमध्ये उमटल्या. आकाशातल्या उपग्रहाला जमिनीचा हादरा जाणवला.

ऑक्टोबर २०१३ मध्ये इंधन संपलं. झुंज थांबली. आता तो रोज खाली येत होता, रोज लवकर उगवत होता, आणि तरीही बोलत होता. १० नोव्हेंबरच्या रात्री अंटार्क्टिकातल्या ट्रोल केंद्रानं त्याचा सिग्नल पकडला, तेव्हा तो १२० किलोमीटरच्या आसपास उतरला होता.

[अंधारं आकाश. एक तेजस्वी रेघ.]

त्यानंतर दोन तासही गेले नाहीत. फॉकलंड बेटांवरून कुणीतरी आकाशात जळत जाणाऱ्या रेघेचा फोटो काढला.