पिट वॉलवरच्या वकील

(दृश्य : पिथमपूर, पाळी बदलण्याची वेळ. कारखान्यांच्या बस इंदूरकडे निघाल्या आहेत.)

इंदूरच्या मराठी घरांचं गाड्यांशी नातं पिथमपूरमुळे जुळलं. ऐंशीच्या दशकात तिथं कारखाने उभे राहिले आणि त्यांच्या मागोमाग पुण्याकडची माणसं आली. कायनेटिक होंडा इथलीच. गिअर नसलेली, बटण दाबलं की सुरू होणारी ती स्कूटर घेऊन आपल्या कितीतरी आत्या-मावश्या कॉलेजात आणि नोकरीवर गेल्या. आज त्याच पिथमपूरला नॅट्रॅक्स हे गाड्यांच्या चाचण्यांचं केंद्र आहे. जून 2021 मध्ये तिथला 11.3 किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक सुरू झाला, आशियातला सर्वांत लांब.

एवढं सगळं शेजारी असूनही मुलीनं घरात म्हटलं, ‘मला रेसिंगमध्ये जायचंय,’ तर आईबाबांचा पहिला प्रश्न ठरलेला : ‘म्हणजे तू गाडी चालवणार?’

मोनिशा काल्टनबॉर्न या क्षेत्रात आल्या त्या कायद्याची पदवी घेऊन. आणि पोचल्या फॉर्म्युला वनच्या एका संघाच्या प्रमुखपदापर्यंत, म्हणजे शर्यतीत ट्रॅकच्या कडेला पिट वॉलवर बसून संघ चालवणाऱ्या जागेपर्यंत. त्या पदावर बसणाऱ्या जगातल्या पहिल्या महिला.

(दृश्य : देहरादून, मग व्हिएन्ना.)

माहेरचं आडनाव नारंग. जन्म 1971 चा, देहरादूनचा. आठ वर्षांच्या असताना कुटुंब ऑस्ट्रियाला गेलं. व्हिएन्ना विद्यापीठात कायदा शिकल्या, पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून आंतरराष्ट्रीय व्यापार कायद्याची पदव्युत्तर पदवी घेतली. 1998 मध्ये त्या फ्रिट्झ कायझर यांच्या व्यवसायसमूहात लागल्या. या समूहाची फॉर्म्युला वनच्या सॉबर संघात भागीदारी होती, आणि संघाचे कायदेशीर कागद मोनिशांच्या टेबलावर येऊ लागले. 2000 मध्ये त्या थेट सॉबरच्याच झाल्या, कायदा विभागाच्या प्रमुख म्हणून. स्वित्झर्लंडमधल्या हिनविल गावी या संघाचा कारखाना आहे.

शर्यतीच्या संघात वकिलाला काय काम असतं, ते नीट बघायला हवं. रविवारी टीव्हीवर दीड-दोन तास गाड्या पळतात. त्याआधी इंजिन कोणाकडून, किती वर्षांसाठी, कोणत्या अटींवर घ्यायचं ते लिहून झालेलं असतं. ड्रायव्हरचा करार कधी संपतो, मधेच दुसऱ्या संघानं त्याला मागितलं तर भरपाई किती, प्रायोजकाचं नाव गाडीवर कुठं आणि केवढं, हे सगळं कागदावर असतं. 2001 मध्ये सॉबरनं किमी रायकोनेन या अगदी नवख्या मुलाला संधी दिली. वर्षाअखेर मॅक्लारेननं त्याला उचललं आणि करारातून मोकळं करण्यापोटी सॉबरला मोठी रक्कम मिळाली. हिनविलमध्ये 2004 मध्ये सुरू झालेल्या विंड टनेलला हा पैसा कामी आला असं मानलं जातं. गाडीवरून हवा कशी वाहते ते तपासण्याचा हा बोगदा म्हणजे संघाची सर्वांत मोलाची मालमत्ता. आपल्याकडे होळकर दरबाराच्या दफ्तरात पिढ्यान्‌पिढ्या लेखणी चालवलेली घराणी आहेत. नीट लिहिलेल्या कागदात किती ताकद असते, हे त्यांना सांगावं लागणार नाही.

(दृश्य : हिनविलचा कारखाना, हिवाळा.)

खरी परीक्षा 2009 मध्ये आली. संघाची मालकी तेव्हा बीएमडब्ल्यूकडे होती. जुलैअखेर कंपनीनं जाहीर केलं की हंगाम संपला की आम्ही फॉर्म्युला वन सोडतो. शेकडो माणसांच्या नोकऱ्या एका निवेदनावर लटकल्या. मधे एक खरेदीदार पुढे आला, तो व्यवहार फिसकटला. अखेर संस्थापक पीटर सॉबर यांनीच संघ परत विकत घेतला, आणि जानेवारी 2010 मध्ये मोनिशा मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या. मला विचाराल तर त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत मोठं काम हेच. बंद पडायला आलेला कारखाना पुन्हा सुरू ठेवणं म्हणजे काय, हे पिथमपूरच्या भोंग्यावर दिवस काढलेल्या माणसांना चांगलं कळतं.

पुढे 2012 उजाडलं. संघाचा ड्रायव्हर सर्जिओ पेरेझ मलेशियात दुसरा आला, कॅनडात तिसरा, इटलीत पुन्हा दुसरा. ऑक्टोबरमध्ये जपानमध्ये संघाचा दुसरा ड्रायव्हर कामुई कोबायाशी घरच्या प्रेक्षकांसमोर तिसरा आला. त्या वर्षी संघानं 126 गुण मिळवले. पीटर सॉबर यांनी मोनिशांना संघाचा एक तृतीयांश हिस्सा दिला आणि 11 ऑक्टोबरला प्रमुखपदही सोपवलं. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत सॉबरच्या गाड्या ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर धावल्या. पुढची दोन-तीन वर्षं कोणत्याही मुलाखतीत त्यांना बाईपणाबद्दल विचारलं जाई. पैशांचं गणित त्याहून कितीतरी अवघड होतं, आणि ते बिघडत चाललं होतं.

2014 मध्ये संघाला एकही गुण मिळाला नाही. सोबत प्रायोजकांचा पैसा आणणारे ड्रायव्हर शोधावे लागले. त्यातूनच 2015 ची मेलबर्नच्या शर्यतीतली घटना घडली. गीडो व्हॅन डर गार्ड या ड्रायव्हरचा करार हाती असताना संघानं मार्कस एरिक्सन आणि फेलिपे नास्र यांना जागा दिल्या. गार्ड न्यायालयात गेला आणि जिंकला. शुक्रवारच्या पहिल्या सरावात सॉबरच्या गाड्या बाहेरच पडल्या नाहीत. शेवटी तडजोड झाली, गार्ड गाडीत बसला नाही, आणि रविवारी नास्र पाचवा आला. वकील असलेल्या प्रमुखाच्या कारकिर्दीत एका ड्रायव्हरला दिलेला शब्द मोडला गेला, ही गोष्ट मला झाकावीशी वाटत नाही. त्यांच्यावर ओढवलेली अडचण खरी होती आणि गार्डवर झालेला अन्यायही खरा होता.

2016 च्या जुलैमध्ये लाँगबो फायनान्स या स्विस कंपनीनं संघ विकत घेतला. पीटर सॉबर निवृत्त झाले, मोनिशा पदावर राहिल्या. एप्रिल 2017 मध्ये पुढच्या वर्षासाठी होंडाच्या इंजिनांचा करार जाहीर झाला. जूनमध्ये नव्या मालकांशी मतभेद होऊन त्या बाहेर पडल्या. त्या गेल्यावर पुढच्याच महिन्यात होंडाचा करारही रद्द झाला.

(दृश्य : फॉर्म्युला 4 च्या छोट्या गाड्या, पिट लेन.)

2018 मध्ये त्यांनी एमिली दि कोम्बेर्ती यांच्यासोबत केडीसी रेसिंग हा संघ काढून फॉर्म्युला 4 मध्ये उतरवला. ही शिडीची अगदी खालची पायरी, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांची. इथंही इंजिन, टायर, विमा, करार, सगळं तेच, फक्त आकडे लहान.

विल्यम्स संघाचा रोजचा कारभार 2013 ते 2020 क्लेअर विल्यम्स यांनी उपप्रमुख म्हणून पाहिला. सूझी वोल्फ 2023 पासून मुलींच्या एफ वन अकॅडमी मालिकेच्या व्यवस्थापकीय संचालक आहेत. रेड बुलचे शर्यतीतले डावपेच आखणाऱ्यांत हॅना श्मिट्झ आहेत, आणि 2025 मध्ये हास संघात लॉरा म्युलर रेस इंजिनिअर, म्हणजे शर्यतीत ड्रायव्हरला रेडिओवरून सूचना देणाऱ्या अभियंता, झाल्या. संघप्रमुखाच्या खुर्चीवर मात्र मोनिशांनंतर 2025 चा हंगाम संपेपर्यंत दुसरी बाई आलेली नाही.