मेंटीथचं तळं

(धक्क्यावरची लाकडी फळी. एक हात ती फिरवतो.)

फळीची पांढरी बाजू बेटाकडे केली की झालं. हाक मारायची गरज नाही, फोन करायची तर नाहीच. पलीकडे नावाड्याला पांढरा ठिपका दिसतो, आणि थोड्या वेळानं पाण्यावरून इंजिनाची बारीक घरघर ऐकू येते. नाव बोलावण्याची ही इथली जुनी रीत.

हा धक्का आहे पोर्ट ऑफ मेंटीथ या गावात, स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग शहराच्या पश्चिमेला. गाव म्हणजे थोडी घरं, एक चर्च आणि चर्चला खेटून पाण्याच्या काठावर जुनं हॉटेल. आमचा मुक्काम इथेच.

स्कॉटलंडमध्ये तळ्याला 'लॉख' म्हणतात. लॉख लोमंड, लॉख नेस, लॉख टे. हे मात्र 'लेक ऑफ मेंटीथ'. एक गोष्ट अशी सांगतात की 1305 साली सर जॉन मेंटीथनं इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या विल्यम वॉलेसला इंग्रजांच्या हवाली केलं, आणि त्या फितुरीची शिक्षा म्हणून तळ्याचं 'लॉख' हे नाव गेलं. गोष्ट झकास आहे, पण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत लोक याला लॉखच म्हणत होते, त्याचं काय करायचं? दुसरा खुलासा रुक्ष आहे आणि म्हणूनच पटतो. स्कॉट्स भाषेत सखल जमिनीला 'लेख' म्हणतात. नकाशा काढणाऱ्यांनी त्याचं 'लेक' करून टाकलं.

(सकाळ. जेवणघराच्या काचा, पलीकडे पाणी.)

न्याहारीला ओट्सचं पॉरिज. साखर न घालता मीठ घालून खाल्लं, तर थेट आपल्या पेजेची आठवण. शेजारी बटाट्याचा तव्यावर भाजलेला स्कोन. बाहेर हिरवळ उतरत पाण्यापर्यंत जाते. तिथे चहा घेऊन बसावं असं कुणालाही वाटेल. आम्हालाही वाटलं. पाच मिनिटांत मिज नावाच्या चिलटांनी कान, मान, पापण्या काही सोडलं नाही. कप उचलून मुकाट्यानं आत आलो. वारा सुटला की ती गायब होतात. इथली माणसं वाऱ्याला नावं ठेवत नाहीत, ती यामुळेच.

खिडकीतून दिसतं ते बेट इंचमाहोम. वॉल्टर कॉमिन या सरदारानं 1238 मध्ये इथे ऑगस्टिनियन पंथाचा मठ उभारला. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस तीनदा येऊन गेला. पण ज्या पाहुणीमुळे बेटाचं नाव झालं, ती चार वर्षांची होती. सप्टेंबर 1547. पिंकीच्या लढाईत स्कॉटलंडचा धुव्वा उडाला, इंग्रज फौजा जवळ आल्या, आणि चिमुकल्या राणी मेरीला या पाण्याआड लपवलं गेलं. तीनेक आठवडे. पुढच्या वर्षी तिची रवानगी फ्रान्सला झाली. बेटावर बॉक्सवुडची झाडं आहेत, ती बाग तिनं लावली म्हणे. चार वर्षांची मुलगी, तीन आठवडे, मागे शत्रू... आणि बागकाम!

(मठाचं चॅप्टर हाउस, म्हणजे मठवासीयांची सभेची खोली. दगडी मूर्तींवर तिरपा उजेड.)

इथे मात्र थांबूया. अर्ल वॉल्टर स्टुअर्ट आणि त्याची पत्नी मेरी. तेराव्या शतकातलं थडगं. थडग्यांवरची जोडपी बहुधा हात जोडून आभाळाकडे बघत पडलेली असतात. ही दोघं एकमेकांकडे वळली आहेत, हात एकमेकांच्या अंगावर टाकून. चेहरे झिजून गेलेत, मिठी शाबूत आहे.

बेटावर आणखी एक जोडपं आहे. रॉबर्ट कनिंगहॅम ग्रॅम, म्हणजे 'डॉन रोबेर्तो'. तरुणपणी अर्जेंटिनात घोडे हाकले, पुढे खासदार झाला, 1888 मध्ये स्कॉटिश लेबर पार्टीच्या स्थापनेत सहभागी, आणि म्हातारपणी स्कॉटिश नॅशनल पार्टीचा पहिला अध्यक्ष. बायको गाब्रिएला 1906 मध्ये गेली. तिची कबर त्यानं स्वतः खणली असं सांगतात. ती चिलीत जन्मलेली कवयित्री अशी तिची ओळख होती. प्रत्यक्षात ती यॉर्कशरच्या डॉक्टरांची मुलगी, नाव कॅरोलाइन हॉर्सफॉल. हे जगाला कळायला 1980 चं दशक उजाडलं. तो 1936 मध्ये ब्यूनस आयर्सला वारला आणि समुद्र ओलांडून तिच्या शेजारी आला. गुपित त्यानं अखेरपर्यंत सांभाळलं.

(जुनी कृष्णधवल छायाचित्रं: बर्फावर गर्दी.)

तळ्याचा बराच भाग उथळ, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत ते गोठतं. मग इथे भरायचा कर्लिंगचा महासामना. उत्तर स्कॉटलंड विरुद्ध दक्षिण स्कॉटलंड, शेकडो संघ, बर्फावरून घसरत जाणारे ग्रॅनाइटचे जड गोटे आणि पुढे झाडू घेऊन धावणारी माणसं. त्यासाठी बर्फ सुमारे 7 इंच जाड लागतो. असा शेवटचा सामना झाला फेब्रुवारी 1979 मध्ये. 2010 च्या जानेवारीत पुन्हा आशा पालवली होती. पण सुरक्षेच्या कारणानं तो सामना रद्द झाला.

(जून. रात्रीचे दहा.)

उजेड अजून गेलेला नाही. शेवटची नाव कधीच येऊन लागली. धक्क्यावरची फळी कुणीतरी परत फिरवून ठेवली आहे. खोलीतून पांढरी बाजू दिसत नाही. बेट मात्र दिसतं, झाडांसकट.