चेंडूच्या पुढची माती

(पडद्यावर: अतिसंथ गतीत गोल्फचा क्लब खाली येतो. चेंडू दबतो, सुटतो, निघून जातो.)

सेकंदाचे दोन हजार भाग करा. त्यातला जेमतेम एक भाग, तेवढाच वेळ क्लब, म्हणजे गोल्फची काठी, आणि चेंडू एकमेकांना टेकलेले असतात. क्लब किती वेगात आला, कुठल्या वाटेने आला, त्याचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, कुठे रोखलेला होता आणि चेंडू फेसच्या कुठल्या भागावर लागला, यावर पुढचं सगळं ठरतं. बॅकस्विंग, म्हणजे क्लब मागे नेण्याची हालचाल, देखणा होता की ओबडधोबड, याची चेंडूला गंधवार्ता नसते.

हौशी खेळाडूची मेहनत मात्र बहुतेक वेळा देखणेपणावर खर्ची पडते. मोबाइलवर व्यावसायिक खेळाडूचा स्विंग थांबवून थांबवून बघायचा आणि कोपर तसंच हवं, खांदे तसेच हवेत म्हणून झटत राहायचं. अमेरिकेचा व्यावसायिक खेळाडू जिम फ्युरिक याचा स्विंग असा थांबवून बघितला, तर कुठलाही प्रशिक्षक तो नवशिक्याला शिकवायला घेणार नाही. क्लब जवळजवळ सरळ वर जातो आणि खाली येताना भलताच वळसा घेतो. त्याच स्विंगने फ्युरिकने २००३ ची यूएस ओपन जिंकली आणि २०१६ मध्ये पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, एक फेरी ५८ फटक्यांत संपवली. त्या टूरवर तोवर कुणीही एवढी कमी फटक्यांची फेरी खेळलेलं नव्हतं. वळसा काहीही असो, चेंडूपाशी येईपर्यंत त्याचा क्लब दर वेळी जागेवर आलेला असतो.

(पडद्यावर: गवतावर चुन्याची सरळ रेघ. दोन्ही पाय रेघेच्या दोन बाजूंना.)

ही रेघ म्हणजे स्विंग तपासायचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात प्रामाणिक साधन. चेंडू ठेवायचा नाही. रेघ दोन पायांच्या मधोमध घ्यायची, सात नंबरच्या आयर्नने, म्हणजे धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबने, स्विंग करायचा आणि माती कुठे उडाली ते बघायचं. बहुतेक हौशी खेळाडूंची माती रेघेच्या मागे, म्हणजे लक्ष्यापासून दूरच्या बाजूला, उडते.

त्याचं कारण समजण्यासारखं आहे. चेंडू जमिनीवर आहे आणि तो हवेत चढायला हवा, म्हणून शरीर आपोआप त्याला खालून उचलायला जातं. वजन मागच्या पायावर राहतं, मनगटं आधीच सुटतात. मग क्लब चेंडूआधी जमिनीत घुसतो, त्याला फॅट म्हणतात. नाहीतर वर येता येता चेंडूच्या डोक्यावर बसतो, तो टॉप. दोन्ही फटके दिसायला अगदी उलटे, पण दुखणं बहुधा एकच: स्विंगचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या मागे राहिलेला असतो. चांगल्या खेळाडूचा हा बिंदू, आयर्नच्या फटक्यात, चेंडूच्या तीन-चार इंच पुढे असतो. आधी चेंडू, मग माती. चेंडू वर चढवण्याचं काम लॉफ्टचं आहे. सात नंबरच्या आयर्नचा फेस तिसेक अंश मागे कललेला असतो, तो ते काम चोख करतो. खेळाडूने फक्त वजन पुढच्या पायावर नेऊन खाली मारायचं.

रेघेवर रोज थोडा वेळ घालवा. सुरुवातीला अर्धाच स्विंग घ्या, पुढच्या पायावर आधीपासूनच थोडं जास्त वजन ठेवा. माती रेघेवरून सुरू होऊन लक्ष्याच्या बाजूला उडू लागली की चेंडू आणा, आणि तो त्या रेघेवरच ठेवा.

(पडद्यावर: डाव्या हातातला ग्लोव्ह, तळवा कॅमेऱ्याकडे.)

आता हा ग्लोव्ह बघा. मनगटाजवळच्या गादीपाशी चामडं घासून पातळ झालंय, एका जागी तर भोक पडलंय. क्लब बोटांच्या मुळाशी न धरता तळव्यात धरला की तो स्विंगमध्ये सरकतो आणि हीच जागा झिजते. तळव्यात धरलेल्या क्लबला मनगटं मोकळी मिळत नाहीत, फेस वेळेत बंद होत नाही, उघडाच राहतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू मग उजवीकडे वळत वळत झाडीत जातो.

हाच तो स्लाइस. चेंडू कुठल्या दिशेने निघतो ते मुख्यतः फेस ठरवतो, आणि तो वळतो फेस आणि क्लबची वाट यांच्यातल्या फरकामुळे. वाट डावीकडे जाणारी आणि फेस तिच्या मानाने उजवीकडे उघडा असेल, तर चेंडू उजवीकडे वळणारच. इथे बहुतेक जण एक उपाय करतात आणि दुखणं वाढवून घेतात: चेंडू उजवीकडे जातो म्हणून उभंच डावीकडे तोंड करून राहतात. त्याने क्लबची वाट आणखी डावीकडे जाते, फरक वाढतो आणि चेंडू आणखी वळतो. म्हणून आधी ग्रिप, म्हणजे क्लब धरायची पकड, सुधारा. वरून बघताना डाव्या मुठीवरची, बोटांच्या मुळाशी असलेली निदान दोन उंच हाडं दिसायला हवीत. नवी ग्रिप हातात परक्यासारखी वाटते आणि काही दिवस फटके आधीपेक्षा वाईट जातात. त्या दिवसांत जुनी ग्रिप पुन्हा धरण्याचा मोह फार होतो. धरू नका.

(पडद्यावर: स्कोअरकार्ड, पेन्सिल.)

स्विंग सुधारला तरी स्कोअर आपोआप उतरत नाही. शंभराच्या आत यायचं स्वप्न घ्या. पार म्हणजे एका होलसाठी किंवा सगळ्या मैदानासाठी ठरवलेले फटके; होलवर त्याहून एक जास्त लागला तर बोगी, दोन जास्त तर डबल बोगी. अठरा होलच्या, पार ७२ च्या मैदानावर नऊ होलवर बोगी आणि नऊ होलवर डबल बोगी केली, की बेरीज ९९ येते. एकही पार नाही! तरी कितीतरी जण शंभरावर अडकतात, कारण दोन-तीन होलवर आठ आणि नऊ लिहिले जातात. असा आकडा बहुधा एका वाईट फटक्याने होत नाही. चेंडू झाडीत गेला, तिथून दोन खोडांमधल्या फटीतून ग्रीन, म्हणजे होलभोवतीची गुळगुळीत हिरवळ, गाठायचा प्रयत्न केला, चेंडू खोडाला लागून आणखी आत गेला. पहिल्याच वेळी आडवा मारून फेअरवेवर, म्हणजे कापलेल्या गवताच्या मोकळ्या पट्ट्यावर, आणला असता तर नुकसान एका फटक्यावर भागलं असतं.

ग्रीनकडे मारतानाही झेंडा विसरून ग्रीनच्या मध्यावर नेम धरा, आणि अंतर मोजताना आजवरचा सर्वांत लांब गेलेला फटका धरू नका. हौशी खेळाडूंचे फटके ग्रीनच्या अलीकडे पडतात ते बहुतेक यामुळेच. हिशेबापेक्षा एक पायरी लांब मारणारा क्लब घ्या.

पटिंगबद्दल, म्हणजे ग्रीनवर चेंडू घरंगळवत होलमध्ये घालण्याबद्दल, एक गोष्ट दिलासा देणारी आहे. आठ फुटांवरून पीजीए टूरचे खेळाडूदेखील साधारण निम्मेच पट घालतात. तेव्हा आठ फुटांचा पट चुकल्याचं दुःख करू नये. फटके वाया जातात ते तीस-चाळीस फुटांवरून पहिला पट सहा फूट अलीकडे किंवा पलीकडे थांबतो तेव्हा. फेरीआधी दहा मिनिटं असतील, तर ती लांब पट होलजवळ थांबवण्यात घाला. रेषेपेक्षा वेग महत्त्वाचा.

कार्डावर स्कोअरच्या खाली तीन रकाने आखा: दंडाचे फटके, ग्रीनच्या बाजूहून एका फटक्यात ग्रीनवर न आलेले चेंडू, आणि एकाच होलवर लागलेले तीन पट. जिथे जे घडलं तिथे टिंब द्या. तीन-चार फेऱ्यांची कार्डं शेजारी ठेवली की एखादा रकाना टिंबांनी भरलेला दिसेल. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारणारा क्लब, पिशवीतच राहू द्या आणि पुढच्या सरावाचा पहिला अर्धा तास त्या रकान्याला द्या.