जकात उतरली, बंड पेटलं

अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींच्या बंडाची ही गोष्ट. मळीपासून सुरुवात करू. वेस्ट इंडीजच्या फ्रेंच बेटांवर मळी स्वस्त मिळायची. यातल्याच बोस्टन शहराचे व्यापारी ती आणून रम गाळायचे. १७३३ मध्ये इंग्लंडने परदेशी मळीवर गॅलनमागे ६ पेन्स जकात बसवली. ती भरली तर धंदाच बसणार, म्हणून फारशी कुणी भरली नाही. कस्टमवाल्याचे हात ओले करायचे, कागदोपत्री माल इंग्रज बेटांचा दाखवायचा, की पिंपं धक्क्यावर. तीस वर्षं हे बिनबोभाट चाललं.

१७६३ मध्ये फ्रान्सशी युद्ध संपलं तेव्हा इंग्लंडवर १२ कोटी पौंडांहून जास्त कर्ज होतं. पुढच्याच वर्षी मळीची जकात निम्मी झाली, ३ पेन्स. फरक एवढाच, की आता ती वसूल होणार होती. आरमाराची गस्त सुरू झाली. जप्तीचा खटला दूर कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या आरमारी न्यायालयात नेता येई. तिथे ज्युरी नाही, आणि आपला माल चोरटा नाही हे सिद्ध करायचं मालकानेच. तो खटला जिंकला तरी, ‘जप्तीला सबळ कारण होतं’ असा न्यायाधीशाचा शेरा पडला की अधिकाऱ्याकडून भरपाई मिळत नसे. व्यापाऱ्यांना ३ पेन्सपेक्षा हेच जास्त झोंबलं.

कागदपत्रांवर आणि वर्तमानपत्रांवर कर लावणारा १७६५चा स्टॅम्प कायदा वर्षभरात मागे घ्यावा लागला. १७६७ मध्ये काच, कागद, शिसं, रंग आणि चहा यांवर जकात आली. बहिष्कारापुढे १७७० मध्ये चहा सोडून बाकीची उठली. चहावरचे पौंड वजनामागे ३ पेन्स पार्लमेंटने ठेवले, ते वसाहतींवर कर बसवायचा हक्क सुटू नये म्हणून.

आणि मग आली ईस्ट इंडिया कंपनी. हो, पुढे सुरतेत राघोबादादांशी तह करणारी तीच. ती बुडायला आली होती आणि लंडनच्या गोदामांत सुमारे ७,७०० टन चहा पडून होता. १७७३च्या कायद्याने इंग्लंडमधली जकात माफ करून तिला निवडक अडत्यांमार्फत थेट वसाहतींत विक्रीची मुभा दिली. चहा स्वस्त होणार होता. पण स्थानिक घाऊक व्यापारी धंद्यातून उठणार होते, आणि प्रत्येक घोटाबरोबर पार्लमेंटचा हक्क मान्य होणार होता. बोस्टनच्या अडत्यांत खुद्द गव्हर्नर हचिन्सनचे दोन मुलगे होते.

चहा घेऊन ‘डार्टमाउथ’ जहाज २८ नोव्हेंबरला बोस्टनला आलं. वीस दिवसांत जकात भरली नाही तर माल जप्त, असा नियम. लोक माल उतरवू देईनात, गव्हर्नर जहाज परत जाऊ देईना. मुदतीच्या आदल्या रात्री, १६ डिसेंबरला, लोकांनी तीन जहाजांवरची चहाची ३४२ खोकी फोडून समुद्रात ओतली. ओहोटी असल्याने पत्तीचे ढीग पाण्याबाहेर राहिले. ते ढकलून पसरावे लागले.

नुकसान ९,६५९ पौंडांचं. ते भरेपर्यंत बंदर बंद, असा हुकूम १ जून १७७४ पासून लागू झाला. शिक्षा एका शहराला, धडकी सगळ्यांना. बारा वसाहतींनी फिलाडेल्फियात जमून १ डिसेंबरपासून इंग्रजी माल बंद ठरवला. गावोगावच्या समित्या व्यापाऱ्यांवर पाळत ठेवू लागल्या, नियम मोडणाऱ्यांची नावं छापू लागल्या. कारभार त्यांच्या हाती गेला. १९ एप्रिल १७७५ला कॉन्कर्डचा शस्त्रसाठा जप्त करायला निघालेल्या इंग्रज फौजेची लेक्सिंग्टनला स्थानिक लोकांशी गाठ पडून गोळीबार झाला.

६ एप्रिल १७७६ला वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, म्हणजे काँग्रेसने, आपली बंदरं इंग्लंड सोडून सगळ्या देशांना खुली केली. स्वातंत्र्याचा जाहीरनामा आला तो त्यानंतर तीन महिन्यांनी.