ऑक्टोबरचा अनुभव कोणाच्या कामी येतो?

[दृश्य: यांकी स्टेडियम. रात्र.]

३१ ऑक्टोबर २००१. न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळून दोन महिनेही झालेले नाहीत. अमेरिकी बेसबॉलचं विजेतेपद ठरवणाऱ्या वर्ल्ड सिरीजचा चौथा सामना चालू आहे आणि न्यूयॉर्कच्या यांकीजविरुद्ध अ‍ॅरिझोना डायमंडबॅक्स ३–१ने पुढे आहेत. नऊपैकी आठव्या इनिंगला चेंडू अ‍ॅरिझोनाच्या ब्युंग-ह्युन किम या पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, हाती येतो. कोरियातल्या ग्वांगजूचा हा पोरगा २२ वर्षांचा आहे. हात पार खाली नेऊन चेंडू सोडतो. स्पेन्सर, ब्रोशस, सोरियानो. तिघेही स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद.

नववी इनिंग, दोन आउट, तिसऱ्यावर सामना संपणार. टिनो मार्टिनेझचा दोन धावांचा होम रन (मैदानाबाहेरचा फटका), सामना बरोबरीत. दहावी इनिंग, पुन्हा दोन आउट, मध्यरात्र उलटून गेलेली. डेरेक जीटरचा होम रन. यांकीज जिंकतात.

पुढच्या रात्री पुन्हा किम, पुन्हा नववी इनिंग. २–०ची आघाडी, पुन्हा दोन आउट. समोर स्कॉट ब्रोशस. चेंडू थेट प्रेक्षकांत, पुन्हा बरोबरी! किम तिथेच खाली बसतो.

निदान तयारच होतं: पोरगा नवखा, एवढं दडपण कसं झेपणार?

सुरुवातीचा पिचर दमला की बेसबॉलमध्ये रिलीफ पिचर येतो, आणि शेवटची आघाडी राखणारा तो क्लोझर. आपल्याकडे विसाव्या षटकात कप्तान ज्याच्याकडे चेंडू टाकतो, तोच हा माणूस. हंगाम संपून बाद फेरीचा ऑक्टोबर लागला की ही जागा मुरलेल्या माणसालाच द्यावी, असं मैदानावर आणि मैदानाबाहेर सगळे धरून चालतात.

मग त्याच मालिकेचा सातवा सामना पाहू. ४ नोव्हेंबर, फिनिक्स. यांकीज २–१ने पुढे, चेंडू मारियानो रिवेराकडे. त्याच्याहून मुरलेला माणूस शोधून सापडला नसता. १९९८, १९९९, २००० या तिन्ही वर्ल्ड सिरीजचा शेवटचा आउट त्यानेच घेतलेला. ऑक्टोबरमधले लागोपाठ २३ सेव्ह, म्हणजे शेवटी राखलेले विजय, त्याच्या नावावर. आठव्या इनिंगला त्यानेही तिघांना स्ट्राइकआउट केलं. नवव्या इनिंगला बंट (बॅटने हळूच टेकवलेला चेंडू) उचलून दुसऱ्या बेसकडे, धावपटूच्या पुढच्या टप्प्याकडे, फेकताना त्याचा चेंडू भरकटला. टोनी वोमॅकने डबल (दोन बेसचा फटका) मारून बरोबरी साधली, आणि लुइस गोन्झालेझचा हलकासा फटका पुढे सरकलेल्या जीटरच्या डोक्यावरून पडला. अ‍ॅरिझोना ३–२ने विजेते.

नवखा हरला तेव्हा कारण अनुभवाचा अभाव. मुरलेला हरला तेव्हा कारण नशीब. हिशोबाची ही पद्धत मला तरी पटत नाही.

[दृश्य: अ‍ॅनाहाइम, २००२.]

पुढच्याच वर्षी फ्रान्सिस्को रॉड्रिगेझ आला. व्हेनेझुएलाचा, वय २०. सप्टेंबरमध्ये एंजल्सने त्याला वर बोलावलं तेव्हा मोठ्या लीगमधले त्याचे सामने झाले फक्त ५, आणि नावावर विजय एकही नाही. जायबंदी खेळाडूच्या जागी बदली घेण्याच्या नियमातून तो बाद फेरीच्या संघात बसला. मग त्याच ऑक्टोबरमध्ये ५ विजय, १८ इनिंगच्या थोडं वर पिचिंग, २८ स्ट्राइकआउट, आणि संघाला विजेतेपद. अनुभव शून्य! पण त्याचा स्लायडर, म्हणजे वेगात आडवा वळणारा चेंडू, तोवर कोणी धड पाहिलाच नव्हता, हे जास्त महत्त्वाचं.

तरी आकडे अनुभवी माणसाच्या बाजूने दिसतात, ते का? एक म्हणजे, ज्याचं पहिल्या ऑक्टोबरमध्ये बिनसलं त्याला दुसऱ्यांदा चेंडू क्वचितच मिळतो. अनुभवींच्या यादीत उरतात ते आधीच चाळून निघालेले. दुसरं म्हणजे, एका ऑक्टोबरमध्ये रिलीफ पिचर जेमतेम दहा-बारा इनिंग टाकतो. दोन चेंडू चुकले तर वर्षभराची कीर्ती मातीत.

रिवेराचा आकडा भक्कम आहे, हे मान्य. बाद फेरीत १४१ इनिंग आणि ०.७० ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगला त्याच्या खात्यावर धरलेल्या धावांची सरासरी. पण तो नियमित हंगामातही रिवेराच होता, कारकिर्दीतले ६५२ सेव्ह. असामान्य माणसाला भरपूर ऑक्टोबर मिळाले, एवढंच त्यातून कळतं. ऑक्टोबरने त्याला घडवलं, हे त्यातून निघत नाही.

आता पुन्हा किमकडे, कारण त्याच्या गोष्टीतली एक बाब नेहमी सुटते. चौथ्या सामन्यात ब्रोशस त्याला दोनदा सामोरा गेला होता आणि दोन्ही वेळा आउट झाला होता. होम रन मारला तो तिसऱ्या भेटीत, २४ तासांच्या आत. जीटरचंही त्याला एकदा पाहून झालं होतं. मार्टिनेझने मात्र पहिल्याच चेंडूवर मारला, तेव्हा सगळं खापर बॅटरच्या या ओळखीवर फोडता येणार नाही. शिवाय पहिल्या रात्री किमने साठहून अधिक चेंडू टाकले होते. दुसऱ्या रात्री त्याला पुन्हा उभं करणारे मॅनेजर बॉब ब्रेनली यांचंही मॅनेजर म्हणून ते पहिलंच वर्ष. नवखा कोण, हे एकदा विचारायला हरकत नाही.

सात सामन्यांच्या मालिकेत तेच रिलीफ पिचर त्याच बॅटरांसमोर पुन्हापुन्हा येतात. जमा होणारा अनुभव दोन्ही बाजूंना वाटला जातो, आणि बॅटरच्या वाट्याला आलेला मला जास्त मोलाचा वाटतो. चेंडू हातातून सुटताना कसा दिसतो, वळतो किती, हे त्याच्या नजरेत बसत जातं.

[दृश्य: बॉस्टन, फेनवे पार्क, १७ ऑक्टोबर २००४.]

वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या फेरीत यांकीजविरुद्ध बॉस्टनचे रेड सॉक्स मालिकेत ०–३ने मागे. नववी इनिंग, यांकीज ४–३ने पुढे, समोर रिवेरा. बॉस्टनच्या बॅटरांनी त्याला जितकं पाहिलं होतं तितकं फार थोड्या संघांनी. पहिला बॅटर वॉक, म्हणजे चार चुकीच्या चेंडूंवर फुकट पहिला बेस, मिळवतो. त्याच्या जागी धावायला आलेला डेव्ह रॉबर्ट्स दुसरा बेस चोरतो, आणि बिल मिलर सरळ मधून फटका मारून त्याला घरी आणतो. बरोबरी. बॉस्टन तो सामना जिंकतं, पुढचे तीनही जिंकतं.

त्याच वर्षी २४ जुलैला, याच मैदानावर, रिवेराला होम रन मारून सामना संपवणारा बॅटरही बिल मिलरच होता.