चिनी बोलताना दर वाक्यात 'था' कशाला?

नमस्कार मंडळी. गेल्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय: मँडरिनमध्ये नाव कधी घ्यायचं आणि सर्वनाम कधी? 'वो' म्हणजे मी, 'नी' म्हणजे तू, 'था' म्हणजे तो, ती, ते, सगळंच. मागे 'मन' लावलं की अनेकवचन. झालं, एवढं तुम्हाला येतं.

घोळ पुढे आहे. शिकणारी मंडळी दर वाक्यात 'था' घुसडतात. अहो, गाळा ना! चिनी माणूस सांगतो ते असं: 'शाओ लीनं काल पुस्तक घेतलं, वाचून काढलं, रटाळ निघालं, देऊन टाकलं.' ली एकदाच, पुस्तक एकदाच, 'था' एकदाही नाही. निर्जीव वस्तूंसाठी तर बोलताना 'था' फारच कमी येतं.

यावर एकांची कमेंट: 'मॅडम, मग कर्ता कळणार कसा?' रास्त आहे. आपल्याकडे 'आलो', 'आलास', 'आली' म्हटलं की क्रियापदच चुगली करतं. तिकडे सगळ्यांना एकच, 'लाय-ल'. पण एकदा विषय ठरला की दुसरं नाव येईपर्यंत ऐकणारा सगळं त्याच माणसाच्या खात्यावर टाकतो. म्हणून गाळा!

दोन माणसं आली की मात्र नाव परत घ्या. 'चांग बाई ली साहेबांना म्हणाल्या, था उद्या येत नाही.' कोण येत नाही? 'ती'साठी वेगळं चिन्ह आहे, ते रुळवण्याचं श्रेय १९२०च्या सुमाराचे कवी ल्यू पाननोंग यांना देतात. पण ते कागदावर. कानाला दोन्ही 'था'च.

आणि ते 'नी'! चाकणला एका कारखान्यात मी दुभाषी होते. आपला एक इंजिनिअर चिनी मॅनेजरला हौसेनं म्हणाला, 'नी ह छा मा?' व्याकरण चोख, पण साहेबांना 'तू चहा घेणार का?' विचारल्यासारखं. तिथे आडनाव आणि पद: 'छन चिंगली, ह छा मा?' (छन आडनाव, चिंगली म्हणजे मॅनेजर.) आपण तोंडावर 'सर चहा घेणार?' म्हणतो ना, तस्संच. आदरार्थी 'नीन' आहे, पण ते बीजिंगकडे जास्त. दक्षिणेत कमी ऐकू येतं. पद दोन्हीकडे चालतं.

आता चांग बाईंचं वाक्य 'था' न वापरता लिहून पाठवा. नुसतं 'हाय मॅम' नको.